नोकरी सांभाळून हौशी बँडमध्ये वाजवावं का?

तुम्ही विचारलंय की घरी एकट्याने गिटार बरी वाजते, ओळखीतल्या चौघांनी बँडमध्ये बोलावलंय, तर नोकरी सांभाळून यात पडावं का. पडा. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या हौशी बँडमध्ये बेस वाजवतोय. एकातूनही पैसे सुटले नाहीत, त्यातले बहुतेक बँड आता उरलेही नाहीत, तरी हेच सांगेन.

बँड मोडतो तो वाईट वाजवणाऱ्यांमुळे क्वचितच. मोडतो तालमीला न येणाऱ्यांमुळे. एकाने दांडी मारली की बाकी चौघांची संध्याकाळ जाते, आणि तो ड्रमर असेल तर काहीच उरत नाही. चांगला ड्रमर सहसा दोन-तीन बँडमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे त्याला कोणी बोलतही नाही.

दुसरं भांडण आवाजाचं. ड्रमला आवाज कमी करायचं बटण नसतं. छोट्या खोलीत त्याच्यापुढे गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो ॲम्पचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरचा, आवाज वाढवतो. मग कीबोर्डवाला वाढवतो. गायकाचा माइक वाढवला की माइकच शिट्टी मारतो. तासाभराने सगळे जोरात आणि कोणालाच काही कळत नाही. यावर साधा उपाय आहे: ॲम्प जमिनीवर ठेवून पोटऱ्यांना ऐकवू नका, खुर्चीवर ठेवा किंवा कानाच्या दिशेने तिरका करा. निम्मा आवाज पुरतो. आणि कानांचं मनावर घ्या. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलला दिवसाला 8 तास चालतात, पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. बंद खोलीतला ड्रमसेट तिथवर सहज जातो. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. कापसाच्या बोळ्याने नुसतं सगळं दबकं, अस्पष्ट होतं.

घरी बसवलेलं गाणं बँडमध्ये तसंच वाजेल हेही विसरा. गायक म्हणतो, आज घसा बसलाय, पांढरी तीनऐवजी पांढरी दोनमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत घेऊ. कीबोर्डवाला पट्टी बदलायचं ट्रान्सपोज बटण दाबून मोकळा. तुमचा कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, मात्र पट्टी फक्त वर नेतो, खाली नाही, त्यामुळे मोकळ्या तारांवर बसवलेलं सगळं नव्याने शोधायचं. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर म्हणजे नेमकी पांढरी तीन, त्याखाली सूरच नाही, तेव्हा माझंही तळघर गेलंच. (गायकाला हे कधीच पटत नाही.)

मग चिकटून का राहायचं? एकट्याने वाजवताना लय पळते आणि आपल्याला पत्ता नसतो. बँडमध्ये ती लगेच उघडी पडते. सुरुवातीचे आठवडे त्याने जीव मेटाकुटीला येतो. मग एखाद्या तालमीत माझा बेसचा सूर आणि ड्रमरच्या पायाचा ठोका असे एकत्र पडतात की दोन वाद्यं आहेत हे कळत नाही. वर गिटार निवांत होते, गायक शब्द ओढायचं सोडतो. हे बहुधा कार्यक्रमात घडत नाही. तिथे साउंडचेकची वेळ आधीच्या बँडने खाल्लेली असते, मॉनिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, भलतंच ऐकू येतं, समोर निम्मे आपलेच नातेवाईक आणि उरलेले आपण कधी उतरतो याची वाट बघणारे पुढचे बँडवाले. घडतं ते कुठल्यातरी आडवारी, रिकाम्या खोलीत, आणि त्याचं कोणी रेकॉर्डिंगही केलेलं नसतं. मला तरी एवढ्यावर पुढचे दोन-तीन महिने ढकलता येतात.

स्वतःची गाणी की लोकांची, हा वाद येईलच. सुरुवातीला लोकांची तीन घ्या आणि ती शेवटपर्यंत न थांबता वाजवा. अर्धी बसवलेली वीस गाणी असलेले बँड मी पुष्कळ पाहिलेत.

नोकरीचं म्हणाल तर आठवड्याचा एक वार पक्का करा, 'सगळ्यांना जमेल तेव्हा' हा वार कधी उगवत नाही. खोलीचं भाडं न आलेल्यानेही भरायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आणि पहिल्या तालमीला बघा, गायक ऐकू येत नाही म्हटल्यावर आपणहून आवाज कोण कमी करतं. कोणीच केला नाही, तर या चौघांना नम्रपणे नाही म्हणा आणि दुसरा बँड शोधा.