केनियाची सहल: कर्ज काढून ऑगस्टमध्ये की ठेवीतून फेब्रुवारीत?

कोल्हापूरच्या एका वाचक दांपत्याने विचारले आहे की, येत्या ऑगस्टमध्ये मसाई मारा अभयारण्य आणि मोम्बासाचा किनारा पाहण्यासाठी केनियाला जायचे असून सहल कंपनीने दोघांचे सात लाख रुपये सांगितले आहेत. त्यासाठी डिसेंबरमध्ये मुदत संपणारी चार लाखांची ठेव मोडावी आणि उरलेल्या तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे का? पुढच्या जूनमध्ये मुलीचे महाविद्यालयीन शुल्कही भरायचे आहे.

आपण जरूर जावे. मात्र ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत जावे आणि कर्ज अजिबात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन लाखांचे कर्ज 13 टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास दरमहा सुमारे 10,100 रुपयांचा हप्ता बसतो आणि व्याजापोटी 64 हजारांच्या आसपास रक्कम जाते. प्रक्रिया शुल्क आणि ठेव मुदतीआधी मोडल्याने बुडणारे व्याज वेगळेच. शिवाय मुलीचे शुल्क भरण्याच्या महिन्यातही हा हप्ता चुकणार नाही. तोच हप्ता आजपासून जानेवारीपर्यंत सहा महिने आवर्ती ठेवीत टाकलात, तर 60 हजार रुपये हाताशी येतील आणि ठेवीसह आपले अंदाजपत्रक साडेचार लाखांच्या वर जाईल.

आता हंगामाचा विचार करू, कारण सहलीची किंमत मुख्यतः त्यावरच ठरते. मसाई मारामध्ये परदेशी प्रौढ पर्यटकाला 2024 पासून जानेवारी ते जून या काळात दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात 200 डॉलर प्रवेश शुल्क आहे. दोघांच्या तीन दिवसांत एवढ्यानेच 600 डॉलरचा, म्हणजे 50 हजार रुपयांहून अधिक फरक पडतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या रानप्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडतात, त्यामुळे लॉजचे दरही तेव्हाच चढलेले असतात. फेब्रुवारीत हे कळप टांझानियात दक्षिण सेरेंगेटीच्या बाजूला असतात, त्यामुळे ते दृश्य आपल्याला मिळणार नाही, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा. परंतु सिंह, हत्ती, चित्ते मारामध्ये वर्षभर दिसतात, आणि किनाऱ्यासाठी तर फेब्रुवारीचे कोरडे दिवस ऑगस्टपेक्षा उजवे आहेत. एप्रिल-मे मात्र टाळावेत, कारण तो तिथल्या मोठ्या पावसाचा काळ असतो.

साडेचार लाखांत सहल बसवण्यासाठी खर्चाला कात्री कुठे लावायची, हेही सांगतो. नैरोबीहून मोम्बासाला विमानाऐवजी 2017 मध्ये सुरू झालेल्या मदाराका एक्सप्रेस या रेल्वेगाडीने जावे. पाच-सहा तास लागतात, तिकीट विमानापेक्षा बरेच स्वस्त पडते आणि गाडी त्सावोच्या अभयारण्यातून जात असल्याने नशिबात असेल तर खिडकीतून हत्तीही दिसतात. माराच्या सफारीत स्वतंत्र जीप न घेता इतरांबरोबर वाटून घ्यावी. कंपनीच्या दरपत्रकात प्रवेश शुल्क किती दिवसांचे धरले आहे, हे लेखी मागून घ्यावे. अभयारण्याच्या आत मुक्काम असल्यास निघायच्या दिवशी सकाळी 10 पर्यंत फाटकाबाहेर पडावे लागते, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे लागतात. शाकाहारी असाल तर चिंता नको, कारण नैरोबी आणि मोम्बासा या दोन्ही शहरांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांमुळे वरण-भात, पोळी-भाजी सहज मिळते.

दोन खर्च मात्र वाचवू नयेत. पहिला पिवळ्या तापाच्या लसीचा. ती केवळ शासनमान्य केंद्रांवर मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते. ते नसल्यास भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. वय साठीच्या पुढे असेल तर लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि किनाऱ्यावर मलेरिया असल्याने प्रतिबंधक गोळ्यांविषयीही तेव्हाच विचारावे. दुसरा खर्च प्रवास विम्याचा. रानातून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च पॉलिसीत समाविष्ट आहे की नाही, हे वाचून मगच ती घ्यावी.

केनियाचा ऑनलाइन प्रवेश परवाना सुमारे 30 डॉलरला मिळतो. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा, कारण मध्यस्थांची संकेतस्थळे त्यासाठी जास्त पैसे घेतात. नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो, म्हणून डॉलरचे फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच डॉलर भरून घेतलेले कार्ड, आणि थोड्या नव्या, न फाटलेल्या डॉलर नोटा जवळ ठेवाव्यात. जुन्या नोटा तिथे अनेकदा नाकारल्या जातात. कार्डाच्या यंत्रावर रक्कम रुपयांत दाखवून पसंती विचारली, तर केनियाचे चलन शिलिंगच निवडावे. पॅकेजच्या रकमेवर कंपनी वसूल करते तो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, हा आपला आगाऊ भरलेला कर आहे. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत ती रक्कम अडकून राहते, म्हणून तिची तजवीज आधीच ठेवावी.

आज एवढेच करा: बँकेत जाऊन त्या ठेवीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असल्यास ती काढून टाका, म्हणजे डिसेंबरमध्ये रक्कम थेट बचत खात्यात जमा होईल, आणि मुलीच्या शुल्काची तरतूद या चार लाखांत न मिसळता वेगळ्या ठेवीत ठेवा.