शगाम्बी अंगात आली, आता कैद्यांचं काय?

प्रश्न : आम्ही पाच जण दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो; खेळ चालवणारं, म्हणजे डीएमचं, काम माझं. चुल्टच्या जंगलातली 'टूम ऑफ अ‍ॅनिहिलेशन' मोहीम ओमू शहराखालच्या थडग्यापर्यंत आली आहे. तिथे एका मैत्रिणीच्या योद्ध्याच्या अंगात शगाम्बी देवी शिरली. तेव्हापासून ती सापडेल त्या कैद्याला ठार करते आणि म्हणते, "मी नाही, देवी करतेय." परवा तिने हातपाय बांधलेल्या रेड विझार्डला (खेळातल्या दुष्ट जादूगारांपैकी एकाला) मारलं. बाकीचे वैतागलेत. देवीलाच काढून टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : (ही मोहीम अजून खेळायची असेल, त्यांनी पुढचं वाचू नये.)

मुळीच काढू नका. 2017 च्या या मोहिमेच्या पुस्तकातली ही माझी सर्वात आवडती देवी आहे. रूप कामादानचं : बिबट्याचं अंग आणि खांद्यांतून फुटलेले साप. जिच्या अंगात ती शिरते तिला हल्ल्यात एक वार जादा मिळतो, आणि सोबत एक दोष : दुष्टांना कधीच दया नाही. तुमच्या मैत्रिणीने तेवढंच उचललंय. पण ओमूत शगाम्बीची शिकवण होती की दुष्टांशी लढा, पण मानाने लढा. बांधलेल्याचा गळा चिरणं ही लढाईच नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी तिने तलवार उपसली की तुम्ही देवीच्या आवाजात बोला : "दोर काप. त्याला हत्यार दे." दया नाहीच, पण आता समोरचा विझार्ड मोकळा आहे आणि त्याला मंत्र येतात. बघा, सगळे कसे सावरून बसतात ते! तरीही तिने बांधलेल्याला मारलं, तर देवी रुसते आणि जादा वार बंद. हा नियम माझा आहे, पुस्तकातला नाही. म्हणून खेळ सुरू करण्याआधीच सगळ्यांना सांगा.

दुसरं, आपल्याकडे कुणाच्या अंगात आलं की लोक नुसते हात जोडून उभे राहत नाहीत. गाऱ्हाणं घालतात, जाब विचारतात, वादही घालतात. बाकीच्या खेळाडूंना तेच करू द्या. त्यांनी विचारावं, "बाई, एवढा राग कुणावर?" याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं, आणि ते फार मोठं आहे. चुल्टचा देव उब्ताओ तिथल्या लोकांना सोडून गेला तेव्हा ओमूच्या माणसांना जंगलात जगायला शिकवलं ते शगाम्बीसारख्या नऊ देवांनी. असेररॅक या दुष्ट जादूगाराने त्या नऊही देवांना मारलं, लोकांना गुलाम करून त्यांच्याकडून हे थडगं खोदून घेतलं आणि मग त्यांनाही संपवलं. जिची सगळी लेकरं अशी गेली, तिचा राग रेड विझार्डवर कशाला वाया घालवायचा? तो खाली, असेररॅककडे वळवा.

एवढं करूनही मैत्रीण ऐकत नसेल, तर ते खेळाबाहेर, चहा घेताना तिच्याशी सरळ बोला.