ब्रँडच्या आधी लॉट बघ

साताऱ्यात ५० मीटर बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावरच्या आधारावर (रेस्ट) रायफल टेकवून नेमबाजी, सुरू करतोयस, तर .२२ रायफलसाठी हाय व्हेलॉसिटी काडतुसांच्या वाटेला जाऊ नकोस. ती गोळी ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा, वेगाने सुटते आणि पुढे त्या वेगाखाली येताना डळमळते. वाऱ्याने सरकतेही जास्त. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाची, सेकंदाला ३२०-३३० मीटर वेगाची मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, गोळी घे.

६ मिमी बीआर या मोठ्या बेंचरेस्ट काडतुसाचं आकर्षण मला कळतं. पण त्यात काडतुसं स्वतः भरणं आलं. ते नंतर.

खरी मेहनत लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं, निवडण्यात आहे. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगवेगळे ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या छिद्रांचे पुंजके, देतात. तीन-चार लॉटचं एकेक पाकीट आण आणि सकाळी वारा पडलेला असताना रेस्टवरून दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पाड. पाच गोळ्यांच्या एका देखण्या ग्रुपवर भाळू नकोस, तो नशिबानेही पडतो. ब्रँड बदललास की गोळीवरचं वंगण बदलतं, म्हणून आधी बॅरल पुसून पंधरा-वीस गोळ्या सोड, मगच मोजायला लाग. जो लॉट जमेल तो परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदमच उचल. पुढच्या खेपेला दुकानात दुसराच लॉट असतो.