गाइडचे रात्री-अपरात्री येणारे अश्लील मेसेज थांबून चार महिने झाले. आता तक्रार करता येईल का? प्रबंध त्यांच्याच हातात आहे.

हो, येईल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या नियमांप्रमाणे मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने असते, पण कारण पटल्यास संस्थेची अंतर्गत तक्रार समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तेव्हा उशीर का झाला, हे अर्जातच लिहा. बहुतेक जण नेमकं तेच विसरतात. अर्ज विभागप्रमुखांकडे नको, थेट समितीकडे द्या आणि पोच घ्या. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसायला हवी. मूळ चॅट पुसू नका. प्रबंधाचं मूल्यमापन गाइडकडून काढून घ्यावं, ही अंतरिम मागणी त्याच अर्जात करा; चौकशी 90 दिवस चालू शकते. मात्र ही समिती फक्त लैंगिक छळाचीच तक्रार घेते, जातीय भेदभावाची तक्रार वेगळ्या कक्षाकडे जाते.