30 लाखांत भाड्याने देण्यासाठी वन बीएचके: पिंपरी-चिंचवडमध्ये कुठे आणि कसा शोधावा?

30 लाखांचं बजेट आहे आणि दर महिन्याला भाडं येत राहावं, एवढंच तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं असं की फ्लॅट बघायच्या आधी भाडेकरू कोण असणार ते ठरवा. चाकण किंवा भोसरी एमआयडीसीत शिफ्टला जाणारी मुलं, हिंजवडीतली आयटीवाली आणि शाळेच्या सोयीने घर बघणारं कुटुंब, यांना लागणारी घरं वेगवेगळी. या पैशांत वाकड-हिंजवडीचा नाद सोडा. मोशी, चिखली, दिघी, भोसरी या भागात रीसेलचा, थोडा जुना फ्लॅट बघा. कंपनीची बस जिथे थांबते तिथून चालत जाता येईल असं घर फार दिवस रिकामं राहत नाही.

मी मोशीत असाच फ्लॅट घेतला, तेव्हा एजंटच्या आधी वॉचमनशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोललो. भाड्याची घरं किती, रिकामी किती दिवस राहतात, बॅचलर मुलांना घेतात का, उन्हाळ्यात टँकर किती लागतात. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019च्या अखेरीपासून पाणी एक दिवसाआड येतं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो आणि भाडेकरूही पाण्यालाच कंटाळून घर सोडतो. म्हणून शक्य असेल तर घर एप्रिल-मेमध्ये बघा.

आता कागदपत्रं. याच भागात आजूबाजूच्या दरापेक्षा पाच-सात लाखांनी स्वस्त फ्लॅट दिसला, तर स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा कागदात सापडतं. गुंठेवारीतली (म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची) इमारत, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही, देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवतीचा बांधकामबंदीचा रेड झोन, नाहीतर नदीची पूररेषा. मे 2025मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (जिथे बांधकामाला बंदी असते) 36 बंगले महापालिकेने पाडले. आयुष्याची पुंजी घातलेली माणसं होती ती, आणि तुमच्यावर तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तेव्हा विकास आराखड्यात जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा, भोगवटा प्रमाणपत्र मागा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीखताचा सारांश) काढा. त्यावरून खरे सौदे कितीला झाले याचाही अंदाज येतो. कर्ज नको असलं तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत विचारा, की या इमारतीवर कर्ज देता का. त्यांनी नकार दिला तर का दिला ते समजल्याशिवाय टोकन देऊ नका.

हिशोब असा मांडा. 30 लाखांच्या घरावर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 2 लाख 10 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. (खरेदी महिलेच्या एकटीच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे.) रंग, पंखे, गिझर धरून घर 33 लाखांना पडलं समजा. भाडं 11 हजार धरा. वर्षातला एक महिना रिकामा गेला तर हातात 1 लाख 21 हजार. मेंटेनन्स, मालमत्ता कर, दुरुस्ती, एजंटचं कमिशन जाऊन 88 हजारांच्या आसपास उरतात, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत. या 33 लाखांतले 20 लाख साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 1 लाख 70 हजारांच्या घरात जातं. त्यामुळे भाड्यावर हप्ता निघेल असं एजंट सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हाताशी निदान निम्मी रक्कम नसेल तर मी तरी थांबायलाच सांगेन.

घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, पहिलं बिल आलं की तपासून घ्या. आणि लीव्ह अँड लायसन्स करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन नोंदणी करून देतात, त्यामुळे नोटरीवर भागवायचं काहीच कारण नाही.