जनुकीय ‘नियंत्रण’ की ‘नियमन’?

नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: झाडात रंगद्रव्यं आणि पेशीभित्तिका कधी, किती बनाव्यात हे जनुकं ठरवतात, त्याला ‘जनुकीय नियंत्रण’ म्हणावं की ‘जनुकीय नियमन’?

माझं मत ठामपणे ‘नियमन’. मूळ धातू दोन्हींचा ‘यम्’च, नियंत्रण तेवढं ‘यंत्रा’वरून वळसा घेऊन आलं. वापरात मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यात. कीडनियंत्रण, पूरनियंत्रण म्हणजे नको असलेलं किंवा हाताबाहेर जाणारं आवरणं. नियमनात कधी, कुठे, किती हे सगळं येतं. र. धों. कर्वे ‘संततिनियमन’ म्हणत, तेव्हा मूल नकोच असा त्याचा अर्थ नव्हता.

आता झाडाकडे बघा. पेंचच्या जंगलात कुसुमाच्या झाडाला पालवी फुटते ती लालभडक. पान जून होत गेलं की हिरवं. कोवळ्या पानात अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य बनायला लागणं आणि पुढे ते थांबणं, दोन्ही ठरल्या वेळी होतं. खोडात तर वेळ फारच जपावी लागते. नवी काष्ठपेशी आधी पातळ भित्तिकेनिशी वाढून घेते. वाढ पुरी झाली की भित्तिकेवर आतून सेल्युलोजचे जाड थर चढतात आणि लिग्निन त्यांना कडक करतं. हेच लिग्निन आधी आलं तर पेशीची वाढ खुंटेल.

अँथोसायनिन आणि लिग्निन या दोन्हींची सुरुवात फेनिलअलॅनिन या एकाच अमिनो आम्लापासून होते, पुढे वाटा फुटतात. कोणत्या वाटेनं किती जायचं हे ठरवण्यात ‘मिब’ (MYB) कुळातल्या, म्हणजे इतर जनुकांचं काम चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांचा मोठा हात असतो. या कुळातलं म्हणून ओळखलं गेलेलं वनस्पतींतलं पहिलं जनुक मक्याचं, १९८७ सालचं. दाण्याला जांभळा रंग आणणारं. यातली काही प्रथिनं चालना देतात, काही लगाम घालतात. दोन्हींना ‘नियामक प्रथिनं’ हे नाव शोभतं. ‘नियंत्रक’ म्हटलं की नुसता लगाम डोळ्यांपुढे येतो.

शिवाय प्रयोगात तुलनेसाठी ठेवलेल्या झाडांना ‘नियंत्रित गट’ म्हणतात. एकाच लेखात हा शब्द दोन अर्थांनी आला तर वाचणारा अडखळेल.

‘पेशीभित्तिका’ आहे तशीच राहू द्या. मराठी विश्वकोशात ‘कोशिकावरण’ भेटेल, पण शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचा शब्द पेशीभित्तिकाच आहे.