बीजभाषणांविषयीच्या तुझ्या टिपणाबद्दल

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परिषदेतील बीजभाषणांविषयीचे तुझे टिपण वाचले. कोण प्रभावी बोलले, कोण रटाळ, कोणाच्या स्लाइड्स देखण्या होत्या, हे तू नेमके टिपले आहेस. मात्र त्यांपैकी कोणी पुढच्यांसाठी कोणते काम दाखवून दिले, हे शोधूनही सापडले नाही.

१९०० च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी विषय ठरवायला इतका उशीर लावला, की मुख्य व्याख्यानांत त्यांना स्थान मिळाले नाही आणि ८ ऑगस्टला इतिहास व अध्यापन या विभागांच्या संयुक्त बैठकीत त्यांना बोलावे लागले. छापील लेखात २३ अनुत्तरित प्रश्न असले, तरी प्रत्यक्ष भाषणात त्यांनी त्यांतले १० च मांडले. नंतरची चर्चाही विस्कळीतच झाली. इटालियन गणितज्ञ पेआनो यांनी तर त्यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर इटलीत मिळालेलेच आहे, असे सुचवले. पुढे याच यादीने विसाव्या शतकातील कितीतरी गणितज्ञांना काम पुरवले, आणि तिच्यातील रीमान यांचे मूळ संख्यांशी निगडित गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही. सभागृहातील प्रतिसादावरून यातले काय कळले असते?

या परिषदेचा वृत्तान्त गणितज्ञ शार्लट स्कॉट यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. वक्ते श्रोत्यांशी बोलण्याऐवजी एकसुरी आवाजात स्वतःलाच निबंध वाचून दाखवतात, अशी सडेतोड तक्रार त्यांनी केली, आणि ती रास्तच होती (आपल्याकडच्या परिषदांत आजही ती लागू पडते, हे तू जाणतोसच). म्हणून सादरीकरणाविषयी लिहू नकोस, असे मी म्हणणार नाही. पण स्कॉट यांनी भाषणांतील आशय आणि त्यांवर झालेली चर्चा यांचीही नोंद ठेवली, म्हणून तो वृत्तान्त अजून उपयोगी पडतो.

तू ज्यांना रटाळ ठरवलेस, त्यांचा मूळ निबंध मिळवून आधी वाच. वक्त्याने ‘हे अद्याप कळलेले नाही’ असे जिथे कबूल केले, ते वाक्य शक्यतो त्याच्याच शब्दांत उतरवून घे. श्रोत्यांनी काय विचारले आणि कोणत्या प्रश्नाला बगल दिली गेली, हेही लिही. टाळ्यांचा उल्लेख गाळलास तरी चालेल. दुरुस्त टिपण वेळ घेऊन पाठव. छपाईची घाई नाही.

तुझा,
शुभचिंतक